अंगातली अस्तरे



उन्हाळ्याच्या तोंडाची गोष्ट. औंधच्या शिवारात आमच्या ओळखीच्या एका तात्यांचे शेततळे रातोरात हातभर उतरले. त्यांचे नाव सांगत नाही, कारण तात्या हा अंक वाचतात. तळ्याला पाचशे मायक्रॉनचा चांगला कागद होता, काठाला दगड लावलेले, भोवती तारेचे कुंपण. सगळे रीतसर. तरी पाणी गेले. तात्यांनी दोन दिवस काठाने गुडघ्यांवर रांगत कागद हाताने चाचपला आणि तिसऱ्या दिवशी उंदराने कुरतडलेले करंगळीएवढे भोक शोधून काढले. खटाव-माणच्या माणसाला पाण्याची किंमत शिकवावी लागत नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा ठिगळ लावून झाले होते आणि तात्या कांद्यावर फुलकिड्यांसाठी फवारणी करत होते. पंपाच्या झाकणातून औषध ठिबकत होते. सदरा पाठीला चिकटलेला, ओल विजारीच्या नाडीपर्यंत उतरलेली, पाय उघडे. मी म्हटले, "तात्या, पंप गळतोय."

"गळू द्या की सायेब," तात्या हसून म्हणाले, "चार थेंबांनी काय हुतंय!"

तळ्याच्या अस्तरासाठी दोन दिवस रांगणारा माणूस स्वतःच्या अस्तराविषयी असा बोलला, म्हणून हा लेख. मी शेतीचा पदवीधर आहे, डॉक्टर नव्हे. पण कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात आम्हाला जनावरांच्या शरीराची ओळख करून देत असत, आणि त्या वेळी मनात बसलेली एक गोष्ट अशी की गाय काय, माणूस काय, अंगाला आतून-बाहेरून अस्तर लावलेले असते. ते फाटले, झिजले किंवा त्यातून नको ते झिरपले की बहुतेक दुखणी तिथून सुरू होतात.

तुमच्या मुलाने शाळेत कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असेल. कांद्याच्या दोन पाकळ्यांमधला तो पातळ, पारदर्शक पडदा. त्यात पेशी कशा एकाला एक चिकटून, फरशी बसवावी तशा बसलेल्या दिसतात! आपल्या अंगाच्या अस्तराचा वरचा पदर पुष्कळसा तसाच असतो. पाठ्यपुस्तकात त्याला 'अभिस्तर ऊती' म्हणतात. या पदरात रक्तवाहिन्या नसतात; म्हणून नुसते वरवर खरचटले तर रक्त येत नाही. त्याच्या खाली धाग्यांचा, रक्तवाहिन्यांचा दुसरा पदर असतो, तो वरच्याला धरून ठेवतो आणि पोसतो. हे दोन पदर मिळून एक अस्तर होते.

वरच्या पदरातल्या पेशी कामाप्रमाणे वेगवेगळ्या घाटाच्या असतात. काही फरशीसारख्या चपट्या, काही ठोकळ्यासारख्या, काही उभ्या लावलेल्या विटांसारख्या. जिथे घासाघास आहे, म्हणजे तळपाय, तोंड, अन्ननलिका, तिथे थरावर थर. जिथे काही आत घ्यायचे किंवा बाहेर सोडायचे आहे, म्हणजे फुप्फुस, आतडे, तिथे एकच थर. मजबुती हवी तर देवाणघेवाण कमी होते आणि देवाणघेवाण हवी तर मजबुती सोडावी लागते. एवढे ध्यानात ठेवा, पुढचे आपोआप कळेल.

अस्तराचे प्रकार मुख्यतः तीन. बाहेरची कातडी, बाहेर उघडणाऱ्या वाटांच्या आतले ओले अस्तर, आणि छाती-पोटाच्या बंद पोकळीतले गुळगुळीत अस्तर.

कातडीपासून सुरुवात करू, कारण तात्यांचे दुखणे तिथलेच. मोठ्या माणसाची कातडी पसरली तर पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास भरते. तिचा सर्वांत वरचा थर मेलेल्या, चपट्या, टणक झालेल्या पेशींचा असतो. खालून नव्या पेशी येतात, वरच्या झडतात, आणि साधारण महिन्याभरात वरचा पदर नवा होतो. हा टणक थर पाणी आतून बाहेर जाऊ देत नाही आणि रोगजंतूंना बाहेरच थोपवतो. पण तो सगळीकडे सारखा नाही. तळपायाला वरचा पदर दीड मिलिमीटरपर्यंत जाड, तर पापणीवर मिलिमीटरचा विसावा भाग.

आणि पाणी अडवणारा हा थर तेलात विरघळणारी वस्तू अडवत नाही. आपली पुष्कळशी कीटकनाशके तेलात विरघळणारी आहेत. किडीच्या अंगावरचे मेणचट कवच भेदून आत जावे म्हणूनच ती तशी बनवलेली असतात. किडीचे कवच भेदणारे औषध माणसाची कातडी पाहून परत फिरेल, असे समजायचे कारण नाही.

१९७१ साली अमेरिकेत मायबाख नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची मोजणी केली. त्यांनी पॅराथिऑन या कीटकनाशकाची अगदी थोडी मात्रा स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांच्या अंगावर वेगवेगळ्या जागी लावली आणि किती आत गेले ते लघवी तपासून पाहिले. पुढच्या हातावर लावलेल्यापैकी सुमारे नऊ टक्के अंगात गेले. तळहातावरून बारा. पोटावरून अठरा. डोक्यावरून बत्तीस, कपाळावरून छत्तीस, काखेतून चौसष्ट. आणि जांघेत, अंडकोशाच्या कातडीवर लावलेले जवळजवळ सगळेच्या सगळे!

आता पाठीवरचा गळका पंप डोळ्यांसमोर आणा. औषध पाठीवरून उतरते, नाडीपाशी साचते आणि जांघेत मुरते. तळहाताची आपण काळजी करतो, कारण तो दिसतो. पण औषध सर्वांत जास्त झिरपते तिथेच ओला कपडा तासन् तास चिकटून बसलेला असतो. उन्हाने आणि घामाने कातडी मऊ पडली की झिरपणे आणखी वाढते.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गावात मी फवारणीचे प्रात्यक्षिक दाखवत होतो. बादलीत औषध ढवळायला काठी सापडेना. पन्नास माणसे पाहत होती. मी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळले. लोकांना वाटले, साहेब निर्भय. संध्याकाळी तोंडाला पाणी सुटू लागले, डोके गरगरले, दोन उलट्या झाल्या, तेव्हा निर्भयपणा उतरला. पण त्या पन्नास माणसांपैकी किती जणांनी पुढे माझे पाहून हातानेच ढवळले असेल, ते मी मोजू शकत नाही. ते मला अजून टोचते.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते आपण सर्वांनी वाचले आहे. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, फवारा वर मारावा लागे आणि तोच अंगावर परत येई. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्यांनी विष प्यायले नव्हते. ते कातडीतून, डोळ्यांतून, श्वासातून गेले.

तेव्हा पंप आधी साध्या पाण्याने भरून पाहा. झाकणाखाली गळत असेल तर बहुधा रबरी वॉशर कडक झालेला असतो. औषध काठीनेच ढवळा. रबरी हातमोजे घाला. कापडी घालू नका, ते औषध पिऊन हाताला चिकटतात आणि मोकळ्या हातापेक्षा वाईट. पंप पाठीवर घेण्याआधी प्लॅस्टिकचा कागद पाठीला बांधा, तो कमरेखालपर्यंत येऊ द्या. वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून आणि भर उन्हात फवारू नका. सदरा भिजला तर ओळ संपायची वाट न पाहता तिथेच काढा आणि साबणाने अंग धुवा. चक्कर, उलटी, घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे यांतले काही दिसले तर अंगावरचे कपडे काढून, अंग धुऊन माणसाला दवाखान्यात न्या आणि बरोबर औषधाची बाटली न्या. बाटलीवरचे नाव वाचून डॉक्टरांना उपाय ठरवता येतो.

भगिनींनो, फवारणीचा सदरा घरच्या कपड्यांत भिजवू नका आणि उघड्या हाताने चोळू नका. तात्यांचा सदरा काकू धुतात. तेच औषध, फक्त हात दुसरे.

आता दुसरे अस्तर. तोंड, नाक, श्वासनलिका, जठर, आतडी, लघवीची वाट, गर्भाशय, म्हणजे ज्या वाटा कुठेतरी बाहेर उघडतात, त्यांना आतून ओले, बुळबुळीत अस्तर असते. पुस्तकात त्याला श्लेष्मल पटल म्हणतात. श्लेष्मा म्हणजे शेंबूड, बेडका, आव यांतला चिकट पदार्थ. ऐकायला किळसवाणा, पण तो नसता तर जठरातल्या आम्लाने जठरच पचवले असते.

एक गंमत पाहा. शेताखालून पाइपलाइन गेली म्हणून पाइपातले पाणी शेताला मिळाले असे होत नाही. तसेच खाल्लेली भाकरी पोटात गेली तरी ती अजून अंगात गेलेली नसते. ती तोंडापासून गुदद्वारापर्यंतच्या नळीत असते. आतड्याच्या अस्तराने तिला ओढून रक्तात घेतले की मगच ती तुमची. म्हणून आतड्याच्या अस्तराला मखमलीसारखे असंख्य बारीक तंतू असतात. घड्या आणि तंतू सगळे उलगडून मांडले तर सुमारे तीस चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्सा भरेल असा अलीकडचा हिशेब आहे. एवढे रान पोटात घडी करून ठेवलेले! आणि तिथल्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात, कारण तिथली झीज फार.

उन्हाळ्यात टँकरचे पाणी आले की आमच्या भागात हगवण-उलट्या ठरलेल्या. पटकीचे जंतू आतड्याचे अस्तर फाडत नाहीत. ते त्याच्या पेशींना मीठ आणि पाणी आतड्यात सोडायला लावतात आणि माणूस काही तासांत सुकतो. पण त्याही अवस्थेत अस्तराचे एक दार चालू राहते. साखरेचा कण आत घेताना ते दार मिठालाही बरोबर घेते, आणि मिठामागे पाणी जाते. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिले. शंभरातले वीस-तीस दगावत होते, तिथे मरणाचे प्रमाण चारच्या खाली आले. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. दवाखान्यातली जलसंजीवनीची पुडी घरात ठेवा. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त टाकू नका. थोडे थोडे पाजा, पाजणे थांबवू नका, आणि माणूस सुस्त पडला किंवा लघवी बंद झाली तर दवाखाना गाठा. "हगवणीत पाणी दिले की आणखी हागतो" असे म्हणून लेकराला सुकवणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. त्यांची माया खोटी नव्हती, हिशेब चुकीचा होता.

श्वासनलिकेच्या अस्तरावर बारीक केस असतात. ते सारखे वरच्या दिशेने हलत राहतात आणि चिकट पदार्थात अडकलेली धूळ घशाकडे लोटतात. मळणी यंत्रावर दिवसभर उभे राहिल्यावर काळा बेडका पडतो, तो या केसांच्या कष्टाचा. विडी ओढणाऱ्याचे हे केस आधी मंद पडतात, मग झडतात. म्हणून त्याला पहाटे खोकून खोकून तेच काम करावे लागते. मळणीच्या वेळी नाकातोंडावर फडके बांधायला पैसे पडत नाहीत. श्वासनलिकेच्या टोकाला हवेचे कोट्यवधी फुगे आहेत, तिथे अस्तर इतके पातळ की हवा आणि रक्त यांमधला पडदा एका मायक्रॉनहून कमी. तळ्याचा कागद पाचशे मायक्रॉनचा, हे आठवा.

तोंडाच्या अस्तराविषयी जरा जास्त लिहितो, कारण आमच्याकडे घरोघरी मिश्री आहे. दात घासायला म्हणून सुरुवात होते आणि मग पहाटे, दुपारी, भांडी घासताना, केव्हाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, दुसरे काही नाही. गालाच्या आतले अस्तर थरांचे असले तरी कातडीसारखे टणक नसते. रोज एकाच जागी तंबाखू धरली की ते पांढरे, जाड, खरखरीत होऊ लागते. पुढे काहींच्या बाबतीत त्यातूनच कर्करोग उगवतो. पोरांचे दुखणे निराळे. गुटखा आणि सुपारीने गालाच्या अस्तराखालचा मऊ पदर घट्ट दोरीसारखा होतो आणि तोंड उघडेनासे होते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे; टपरीवर काय मिळते ते तुम्हीही जाणता. घरातल्या पोराला स्वतःची तीन बोटे एकाला एक जोडून, उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर दवाखान्यात न्या. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातला व्रण, मग तो दुखत नसला तरी, दाखवलाच पाहिजे. न दुखणारा जास्त फसवतो.

आणखी एक जागा आहे, जिच्याविषयी घरात कोणी बोलत नाही. गर्भाशयाच्या तोंडाशी दोन प्रकारची अस्तरे एकमेकांना भेटतात. बाहेरून येणारे अनेक थरांचे, आतले एका थराचे. तात्यांनाही ठाऊक आहे की कागद फाटतो तो बहुधा जोडाजवळ. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक वेळा याच सांध्याशी सुरू होतो. एचपीव्ही नावाचा विषाणू तिथे घर करतो, पण रोग व्हायला दहा-दहा वर्षे जातात. म्हणजे पकडायला वेळ भरपूर मिळतो. याचा मोठा पुरावा आपल्याच मराठवाड्यातला आहे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय यांनी परदेशी संस्थेबरोबर खेड्यांतल्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. वय तीस ते एकोणसाठ. २००९ साली निष्कर्ष छापून आला: ज्या गटात विषाणूची एकदा तपासणी झाली, त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या निम्म्यावर आले. जगभरच्या डॉक्टरांनी हे आकडे वापरले, आणि ते दिले कोणी? ज्वारी काढणाऱ्या, शेळ्या राखणाऱ्या बायकांनी.

सरकारी आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील बायकांसाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आहे. औंधला महिलांच्या एका बैठकीत आरोग्यसेविकेने हे सांगितले तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पण निघताना तिघींनी तिला बाजूला घेऊन विचारले, "कदी यायचं?" लाजेचा भाग असतोच, त्याला माझी हरकत नाही.

तिसरे अस्तर कोणाला दिसत नाही. फुप्फुसे, हृदय आणि पोटातली इंद्रिये दुहेरी पदराच्या पिशव्यांत ठेवलेली असतात. एक पदर इंद्रियाला चिकटून, दुसरा पोकळीच्या भिंतीला. मध्ये पातळ पाण्याचा ओलावा, चमचाभर. जात्याच्या खुंट्याला तेल सोडतो तसा.

औंधात जन्मलेल्या माणसाला याची महती सांगायला सोपे जाते. आमचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालीत आणि संस्थानच्या शाळांतून त्यांनी ते सक्तीचे केले होते. त्यांचे नमस्कारांवरचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनला निघाले. एका नमस्कारात माणूस किती वाकतो, ताणतो! छाती फुगते, पोट दाबले जाते, वीस-बावीस फूट आतडी एकमेकांवरून सरकतात. तरी आत काही घासत नाही, आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ते या ओल्या अस्तरामुळे. (सांध्यांतही असेच वंगण सोडणारे अस्तर आहे, पण ते वेगळ्या विणीचे, त्याला वरचा पेशींचा पदर नसतो.)

अस्तर सुजले की मात्र पत्ता लागतो. खोल श्वास घेताना बरगडीत सुरी फिरल्यासारखे होते. "छातीत पाणी झाले" म्हणतात, ते फुप्फुसाच्या दोन पदरांमध्ये साचलेले पाणी. आपल्याकडे त्याचे कारण बऱ्याचदा क्षयरोग असतो, आणि क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पोटातले अस्तर सुजले, उदाहरणार्थ अपेंडिक्स फुटून, तर पोट फळीसारखे कडक होते. अशा वेळी पोट चोळू नका, शेकू नका, एरंडेल पाजू नका. गाडी काढा.

गोठ्यातही हे अस्तर विसरू नका. गाय वैरण न चावता गिळते. वैरणीत तारेचा तुकडा किंवा खिळा असेल तर तो दुसऱ्या पोटात जाऊन बसतो, आणि त्या पोटाच्या पुढेच, एका पडद्यापलीकडे, हृदयाची पिशवी आहे. तार रुतत जाते, पिशवीत पू होतो. गाय कोपरे बाहेर फाकून उभी राहते, उताराला चालत नाही, छातीखालची पोळी सुजते. तोवर फार उशीर झालेला असतो. तळ्याचे कुंपण करताना उरलेले तारेचे तुकडे तात्यांनी वैरणीच्या गंजीशेजारीच टाकले होते. ते मी गोळा करवून घेतले.

पंपाचा वॉशरही त्याच दिवशी बदलला. औंधच्या दुकानातून मीच घेऊन गेलो होतो; चहाच्या कपापेक्षा फार महाग नव्हता. तात्या पंप पाण्याने भरून, उलटा करून बराच वेळ झाकणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तळ्याचं भोक दिसतंय सायेब. अंगाचं कुठं दिसतंय?"

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना मी मिश्रीचे सांगितले. त्या म्हणाल्या, "बघू." मिश्रीची डबी चुलीजवळच्या कोनाड्यात होती. परवा गेलो तेव्हा ती तिथेच होती, पण तीन बोटांची परीक्षा त्यांनी नातवावर करून पाहिली होती, आणि त्याला घेऊन त्या दवाखान्यात निघाल्या होत्या.